खड्डे घेण्याआधी शिवारफेरी

मृग तोंडावर आला की हिंगोली जिल्ह्यात एका कामाची घाई उडते. ग्रामपंचायतीत खड्ड्यांच्या संख्येची विचारणा होते, रोपवाटिकांतून रोपांच्या ट्रॉल्या निघतात, माळावर जेसीबी किंवा टिकाव-फावडी घेतलेली माणसे दिसू लागतात. ही घाई स्वागतार्हच आहे. जिल्ह्यात जंगल थोडे, सोयाबीन, कापूस आणि हळदीखालची जमीन फार, उन्हाळ्यात कयाधूचे पात्र कोरडे. हे रोज पाहणाऱ्या माणसाला झाडाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. राज्याने 2016 मध्ये 2 कोटी रोपांचे लक्ष्य ठरवले, पुढच्या वर्षी 4 कोटी, मग 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी. त्या आकड्यांवर आणि त्यातली किती रोपे जगली यावर पुष्कळ वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण जिथे खड्डा घेतला तिथल्या मातीत आधी काय होते, हे विचारल्याचे फारसे ऐकिवात नाही.

लागवडीला जमीन कोणती मिळते हे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे वजन कळते. पिकाखालची काळी जमीन कुणी देत नाही आणि कुणी मागूही नये. मग उरते ते गायरान, माळ, टेकडीचा उतार, नदीकाठची पडीक पट्टी, तलावाचा जुना बांध, देवळामागची मोकळी जागा, उठून गेलेल्या गावाचे गावठाण. या जागा पिढ्यानपिढ्या नांगराखाली आल्या नाहीत, म्हणूनच त्या आज लागवडीला मोकळ्या आहेत. आणि त्याच कारणाने जुन्या वस्तीच्या, जुन्या बांधकामाच्या, जुन्या दफनांच्या खुणा तिथेच टिकून राहिल्या आहेत. शेतातल्या खुणा नांगर, वखर आणि आता रोटाव्हेटरने केव्हाच विस्कटल्या. जे थोडे जागच्या जागी उरले आहे, नेमक्या त्याच ठिकाणी आपण खड्ड्यांची आखणी करतो. यात कुणाचा वाईट हेतू नाही. पण हेतू चांगला असला म्हणून नुकसान कमी होत नाही.

महसुली दप्तरात ‘बेचिराख’ असा शेरा असलेली गावे मराठवाड्यात जागोजाग आहेत. वाशीम-रिसोडकडे अशा जागेला रीठ म्हणतात. गावाला नाव आहे, शीव आहे, नकाशा आहे, माणूस नाही. कुठे साथीने, कुठे दुष्काळाने, कुठे लुटारूंच्या त्रासाने लोक उठून शेजारच्या गावात गेले. मागे एक मारुती, एखादी चिंच, बुजत आलेली विहीर आणि पांढऱ्या, राखट, भुसभुशीत मातीचे टेकाड राहिले. माळवदावर घालायला पांढरी माती हवी असली की बैलगाड्या अशाच टेकाडांकडे जायच्या. ही माती निसर्गाने तयार केलेली नसते. कोसळलेल्या भिंती, चुलीतली राख, गोठ्यातले शेण, जनावरांची हाडे आणि फुटकी मडकी शेकडो वर्षे एकावर एक साचून ते टेकाड उभे राहिलेले असते. पावसाने धुपलेल्या त्याच्या कडेला उभे राहून नीट पाहिले तर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे दिसतात. वरचा पट्टा मातकट, त्याखाली राखेची बारीक रेघ, मग चोपलेल्या जमिनीचा कठीण थर, त्यात रुतलेले काळे-तांबडे खापर, पुन्हा राख. प्रत्येक पट्टा म्हणजे एका पिढीचे, कधी एका शतकाचे राहणे.

आता खड्ड्याचे गणित मांडून पाहू. तीन बाय तीन मीटरच्या अंतराने हेक्टरी 1,111 रोपे बसतात. खड्डा 60 सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल धरला तर एका हेक्टरात सुमारे 240 घनमीटर माती वर येते. 45 सेंटिमीटरचा धरला तरी 100 घनमीटर. डोंगरउतारावर सलग समतल चर घेतले तर तो काप टेकाडाच्या पोटातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. घनवनासाठी तर सगळी जागाच खोलवर खणून, खतमाती कालवून पुन्हा भरतात; तिथे एकही थर जागेवर राहत नाही. पुरातत्त्वज्ञ अशाच जागी उत्खनन करतात तेव्हा काही सेंटिमीटरचा एकेक पापुद्रा काढतात, प्रत्येक वस्तू कोणत्या थरात आणि कशाच्या शेजारी मिळाली हे लिहून ठेवतात. कारण वस्तूइतकीच तिची जागा बोलते. मण्याशेजारी राख आहे की हाड, नाणे घराच्या जमिनीवर पडले आहे की जमिनीखाली पुरलेले आहे, यावरून काळ ठरतो आणि माणसे कशी जगत होती तेही कळते. वहीची पाने सुटी करून पोत्यात भरली तर अक्षरे उरतात, मजकूर उरत नाही. खड्ड्याच्या कडेला पडलेल्या मातीच्या ढिगाचे तसेच होते.

नुकसान खड्ड्यापाशी थांबत नाही. वड, पिंपळ, चिंच यांची मुळे दूरवर पसरतात आणि खोल जातात. चुना न वापरता दगडावर दगड बसवून बांधलेल्या हेमाडपंती देवळांच्या सांध्यांत मूळ शिरले की मोठमोठे चिरे जागचे हलतात. मराठवाड्यात ज्याने एखादे पडके देऊळ पाहिले आहे त्याने हे पाहिलेलेच आहे. जमिनीखाली हेच दृष्टीआड घडते. जुन्या थरातल्या कोळशावरून कार्बन पद्धतीने काळ काढतात. त्या थरात नवे मूळ शिरून कुजले तर नमुना निवडणाऱ्याला फार सावध राहावे लागते आणि तरीही निष्कर्षावर शंका राहू शकते.

थर हरवल्यावर काय होते याचे सगळ्यात मोठे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे, आणि तेही एका झुडपापाशी घडले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. 1974 मध्ये तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. चारही मिळून वजन 60 किलोहून जास्त. रथाच्या दांडीवर एक छोटा कुत्राही उभा आहे. धातूचे असे काम इतक्या जुन्या काळातले असेल तर भारतीय उपखंडात त्याला तोड नाही. त्या जागेचे महत्त्व आधीच माहीत होते, 1958-59 मध्ये तिथे उत्खननही झाले होते. वस्तू मिळाल्यावर पुन्हा 1970 च्या दशकाच्या अखेरपर्यंत तिथे काम चालले आणि एकावर एक पाच संस्कृतींचे थर उजेडात आले. तरीही या चार वस्तू नेमक्या कोणत्या थरातल्या, हा प्रश्न पूर्णपणे सुटला नाही. बहुतेक अभ्यासक त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या मानतात. धातूतले आर्सेनिकचे प्रमाण पाहून काहींनी त्या पुष्कळ नंतरच्या असाव्यात असे मत मांडले. हा वाद विद्वानांच्या हट्टामुळे राहिलेला नाही. वस्तू थरासकट हाती आल्या नाहीत, म्हणून तो राहिला. त्या शेतकऱ्याचा यात काडीचाही दोष नाही, त्याच्यामुळे त्या निदान मिळाल्या. पण आज आपण शासकीय योजनेतून, आखणी करून, मस्टर भरून हजारो खड्डे घेतो. तिथे योगायोगाने मिळाले-हरवले म्हणून भागणार नाही.

हिंगोलीत असे काय आहे, असे कुणी विचारील. जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याचे नाव पैठण-तेरसारखे इतिहासाच्या पुस्तकात येत नाही, ही गोष्ट खरी. पण नकाशा पुढे घेऊन पाहावे. उत्तरेला वाशीम, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म. आग्नेयेला नांदेड. 1939 मध्ये मिळालेल्या वाशीमच्या ताम्रपटात दुसऱ्या विंध्यशक्तीने नंदिकटाच्या उत्तर मार्गातले एक गाव दान दिल्याची नोंद आहे, आणि हे नंदिकट म्हणजे आजचे नांदेड असे डॉ. वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिले. वाशीमहून नांदेडला जाणारा आजचा रस्ता हिंगोलीवरून जातो. ताम्रपटातले गाव नेमके कोणते हा वेगळा प्रश्न आहे, पण चौथ्या शतकात या मुलखात हिशेबात धरण्याजोगी गावे होती, ती दान देण्याइतकी भरलेली होती, एवढे त्यावरून निश्चित कळते. वाशीमजवळच हिस्से-बोराळा येथे वाकाटक राजा देवसेनाच्या काळातला शके 380 चा लेख मिळाला; त्यात स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याचे नमूद आहे. पाणी अडवण्याचा इतका जुना पुरावा आपल्या शेजारी आहे. जलसंधारणाचे चर खणताना त्याच काळातला एखादा बांध आपण कापत नाही ना, हे पाहणे म्हणूनच गैरलागू नाही.

पुढच्या काळाचे तर डोळ्यांसमोर उभे आहे. औंढा नागनाथाच्या देवळाचा खालचा भाग पाहावा. हत्तींचे थर, शिल्पांच्या ओळी, काळ्या दगडाची घडण. आणि वर गेल्यावर बांधणी बदललेली. एवढे देऊळ उभे राहते तेव्हा त्याच्याभोवती पाथरवटांची वस्ती, दगडाच्या खाणी, दान दिलेल्या जमिनी, पाण्याच्या बारवा आणि येण्या-जाण्याच्या वाटा असतात. देऊळ सगळ्यांना दिसते, हा बाकीचा पसारा शेतांत आणि माळांवर पडून आहे. नामदेवांची नरसी याच जिल्ह्यात, विसोबा खेचरांची औंढ्यातली भेट वारकऱ्याला पाठ. या परंपरेबद्दल आपल्याला जो जिव्हाळा आहे त्यातला थोडा त्या काळच्या साध्या माणसांच्या घरांकडे, चुलींकडे, विहिरींकडे वळवला तर बिघडणार नाही. पारावर टेकवून ठेवलेला वीरगळ, शेंदूर फासलेली सतीशिळा, बांधात उलटी बसवलेली कोरीव शिळा हे मराठवाड्यात अपवादाने दिसणारे नाही. तो दगड मुळात जिथे उभा होता ती जागा बहुधा जवळपासच असते.

मोकळ्या माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो आणि पडीक म्हणजे रिकामा असे धरून चालतो. सोलापूर जिल्ह्यातल्या बोरामणीच्या गवताळ माळावर वर्तुळाकार दगडी चक्रव्यूह असल्याची बातमी 2025 च्या अखेरीस आली. एकात एक अशी 15 वर्तुळे लहान दगड मांडून केलेली. ती पहिल्यांदा नजरेस आली ती गवताळ प्रदेशातल्या पशुपक्ष्यांची पाहणी करणाऱ्या मंडळींच्या. मग पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी जागेवर येऊन पाहिले आणि सातवाहन काळातल्या व्यापाराशी तिचा संबंध जोडला. हे दगड जमिनीच्या जेमतेम वर आहेत. त्या माळावर लागवडीची आखणी झाली असती तर टिकाव मारणाऱ्याला ते वाटेत आलेले दगड वाटले असते, आणि त्याने ते उचलून रोपाभोवती आळे केले असते. त्यात त्याची चूक निघाली नसती, कारण त्याला कुणी काही सांगितलेच नव्हते.

कोकणात तर झाडे आणि अवशेष यांची गाठ आधीच पडली आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना विचारून शोधली. त्यातली काही 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. याच सड्यांवर कातळ फोडून, माती भरून आंबा-काजूच्या बागा उभ्या राहतात. बागायतदाराचे पोट त्यावर आहे, त्याला दोष देता येत नाही. मात्र जिथे शिल्पाची नोंद आधी झाली, गावाला ते आपले वाटू लागले, तिथे जागा राखली गेली. जिथे नोंद आधी झाली नाही तिथे काय गेले ते आता सांगता येणार नाही.

आयर्लंडमध्ये लागवडीच्या प्रस्तावाबरोबर जागेवरच्या प्राचीन अवशेषांची माहिती द्यावी लागते आणि 2000 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ज्ञात अवशेषाभोवती किमान 20 मीटर जागा झाडांविना सोडावी लागते. ब्रिटनमधल्या वनीकरणाच्या मानकांतही अशीच अपेक्षा आहे. या नियमांमुळे तिथली लागवड बंद पडली नाही. आपल्याकडेही पाण्यासाठी असे केले गेले आहे. नागार्जुनसागरचे पाणी चढण्याआधी 1954 ते 1960 या काळात नागार्जुनकोंड्याचे खोरे उत्खनन करून नोंदवले गेले, काही वास्तू उचलून टेकडीवर नेऊन पुन्हा उभ्या केल्या गेल्या. देश तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता. आणि हिंगोलीला तर जमिनीची आधी पारख करण्याचे नवल वाटू नये: औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याची जागा गुरुत्वलहरींच्या लायगो-इंडिया प्रकल्पासाठी निवडली गेली ती जमिनीच्या सूक्ष्म कंपनांची मोजणी करूनच. त्या प्रकल्पाच्या तुलनेत आम्ही मागतो ते काम अगदी लहान आहे.

मागणी एवढीच: ज्या जागी लागवड मंजूर होणार आहे तिथे आखणीच्या आधी एक शिवारफेरी व्हावी. हा शब्द प्रशासनाला आणि गावाला नवा नाही. जलयुक्त शिवारच्या आराखड्यासाठी गावोगाव अशा फेऱ्या झाल्या, नाले-बांध पायी हिंडून पाहिले गेले. त्याच धर्तीवर तलाठी, ग्रामरोजगार सेवक, सामाजिक वनीकरणाचा किंवा वन विभागाचा कर्मचारी, गावातला एखादा शिक्षक आणि रोज तिथे गुरे नेणारा गुराखी एवढ्यांनी एक सकाळ द्यावी. फेरीला निघण्याआधी तलाठ्याने दप्तरात बेचिराख गाव, जुने गावठाण, बुजलेली विहीर, इनाम जमीन यांच्या नोंदी पाहून ठेवाव्यात. गुराख्याला आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारावे: राख कुठे निघते, विटा कुठे लागतात, पावसानंतर पोरे मणी कुठे वेचतात, कोणत्या जागेला नांगराचा फाळ अडतो. अर्धी पाहणी इथेच होते.

फेरीचा हंगामही आपोआप जुळतो. चैत्र-वैशाखात माळ उघडे असतात, गवत वाळून बसलेले असते. सकाळी लवकर किंवा दिवस मावळतीला झुकल्यावर तिरप्या उन्हात जमिनीचे हलके चढउतार, चौकोनी उंचवटे, दगडांच्या ओळी स्पष्ट दिसतात. भर दुपारी हेच सपाट वाटते. दहा-बारा पावलांच्या अंतरावर एका ओळीत चालत जावे, नजर खाली ठेवावी. एखाद-दुसरे खापर कुठेही मिळते, त्याने थांबायचे कारण नाही; शेणखताबरोबर गावातले खापर शेतात-माळावर जातच असते. पण एका ठिकाणी पावलागणिक खापरे, त्यांत जाड काठाचे, गुळगुळीत तांबड्या झिलईचे किंवा आत काळे बाहेर तांबडे असे तुकडे, शंखाच्या बांगडीचे कण, आजच्यापेक्षा पुष्कळ मोठ्या विटा, राखट माती असे एकत्र दिसले तर ती वस्तीची जागा समजावी. माळावर एकाच ठिकाणी धारदार, पातळ, छिलके निघालेल्या गारगोट्या विखुरलेल्या असतील तर त्या माणसाने घडवलेल्या असू शकतात. दगडांचे वर्तुळ दिसले तर एकही दगड हलवू नये. नागपूरजवळ जुनापाणीची महापाषाणी वर्तुळे, ज्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकातच रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याचे लक्ष गेले, ती पहिल्या नजरेला अशीच साधी दिसतात. वस्तू उचलायची नाही. शेजारी पेन ठेवून मोबाइलवर फोटो घ्यायचा, जागेचे अक्षांश-रेखांश टिपायचे आणि पुढे चालायचे.

मग निर्णय सोपा होतो. काही नाही मिळाले, बिनधास्त खड्डे घ्या. दाट खुणा असलेला तुकडा मिळाला तर तेवढा सोडून बाकी जागेवर आखणी करा. कोरीव दगड, भिंत, बारव, वर्तुळ असे काही निघाले तर 20 मीटर अंतर सोडा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. दहा हेक्टरच्या गायरानात अर्धा हेक्टर सुटला तर लागवडीचे लक्ष्य बुडत नाही, ती रोपे शिवेच्या कडेला लावता येतात. सुटलेला तुकडाही ओसाड ठेवायला नको. पवन्या, मारवेल अशा गवतांची मुळे वरच्या थरात राहतात, धूप थांबवतात, टेकाड धरून ठेवतात. आणि गुरांना चारा मिळतो. माळावर सगळीकडे झाडच हवे हा आग्रह तसाही तपासून घ्यायला हवा, कारण गवताळ माळ ही स्वतःची जीवसृष्टी असलेली जागा आहे. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा.

या सगळ्याला विरोध झाला तर तो आळसातून होईल असे आम्हाला वाटत नाही. खरी अडचण भीतीची आहे. शेतात मूर्ती निघाली की शेतकरी आधी इकडेतिकडे पाहतो. जमीन सरकारजमा होईल, बांधकाम अडेल, चौकशी मागे लागेल, असे त्याला वाटते. या भीतीला आधार नाही असे म्हणून चालणार नाही. संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत नियंत्रण ही 2010 च्या दुरुस्तीने आलेली तरतूद अनेक गावांना जाचक झाली आहे. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही बंधने केंद्राने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या स्मारकांना लागू आहेत. जागा तशी जाहीर करण्याआधी अधिसूचना काढून दोन महिने हरकती मागवाव्या लागतात. शिवारफेरीच्या कागदावर ‘इथे जुन्या वस्तीच्या खुणा’ असे लिहिल्याने सातबारा बदलत नाही, जमिनीची मालकी जात नाही. हे लेखी आश्वासन जिल्हाधिकाऱ्यांनी फेरी सुरू करण्याआधी ग्रामसभेला द्यावे. तसेच 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेली 10 रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे आणि कळवणाऱ्याचा त्यात हक्कही धरलेला आहे. कळवले तर अडकतो असा समज गावात आहे, प्रत्यक्षात लपवले तर माणूस अडकतो.

दुसरी भीती उलट बाजूची आहे. गुप्तधनाच्या नादाने रात्री-बेरात्री देवळांचे गाभारे, समाध्या, टेकाडे उकरणाऱ्या टोळ्या मराठवाडा-विदर्भाला नव्या नाहीत. आपण जागा नोंदवल्या आणि त्या जाहीर केल्या तर त्यांना आयती यादी मिळेल. त्यामुळे फेरीचा अहवाल तहसील आणि पुरातत्त्व विभाग यांच्याकडेच राहावा. अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर चढवू नयेत, उत्साहाने समाजमाध्यमांवर टाकू नयेत. गावाला मात्र सगळे माहीत असावे. ज्या जागेवर गावाची नजर आहे तिथे कुदळ मारायला परका सहसा धजावत नाही.

पुरातत्त्व विभागाकडे माणसे नाहीत, एवढ्या गावांत तो कधी पोचणार, ही शंका रास्त आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण गावनिहाय पाहणी वर्षानुवर्षे करत आले आहे, पण देशाचा पसारा पाहता ती कुठे झाली कुठे राहिली. म्हणूनच पहिली पाहणी गावाने करावी आणि विभागाने ज्या थोड्या ठिकाणी खरोखर काही आढळले तिथेच यावे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत हिंगोलीतली महाविद्यालये येतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना यातून खरे क्षेत्रकार्य मिळेल, आणि राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे तर लागवडीला जातातच. तालुक्याच्या ठिकाणी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण, हातात खापरांचे नमुने आणि एक पानी तक्ता, एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. स्वामित्व योजनेत 2020 पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली आहे. गावठाणाच्या कडेची जुनी टेकाडे त्या छायाचित्रांत दिसतात का, हे भूमी अभिलेख कार्यालयात बसून पाहता येईल. त्यासाठी नवे विमान उडवायचे नाही.

गावातला माणूस हे करू शकतो का, याचे उत्तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरने दिले आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारे नगर. तिथल्या टेकाडांवर पावसानंतर मणी, मातीच्या मूर्ती, नाणी उघडी पडत. गावातलेच रामलिंगप्पा लामतुरे ती वर्षानुवर्षे जमवत राहिले, पोराटोरांनी आणि शेतकऱ्यांनी आणून दिलेली जपत राहिले. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तिथे आहे आणि तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहायला दूरदूरचे अभ्यासक येतात. लामतुरे पुरातत्त्वाची पदवी घेतलेले नव्हते. त्यांनी वस्तू वाचवल्या. पण त्या वस्तू ज्या थरांतून आल्या ते थर जपणे एकट्या माणसाच्या आवाक्यातले नव्हते. ते काम जमीन खणण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांचे, म्हणजे ग्रामपंचायत, वनीकरण खाते आणि जिल्हा प्रशासन यांचे आहे.

खर्चाचा मुद्दा एका ओळीत संपतो. लागवडीच्या अंदाजपत्रकात खड्डे, खत, रोप, कुंपण, पाणी, राखण यांच्या रकमा असतात; त्यात फेरीच्या दिवसाची मजुरी धरली तर अंदाजपत्रकावर तिचा भार जाणवणारही नाही. वेळेचा प्रश्न मात्र आहे, कारण आदेश उशिरा निघतात आणि मग जूनमध्ये चार दिवसांत खड्डे संपवायचे असतात. त्यावर उपाय एकच. जागेची निवड उन्हाळ्यातच करावी आणि फेरीचा एक पानी अहवाल जोडल्याशिवाय कामाला तांत्रिक मंजुरी देऊ नये. जिल्हाधिकारी हे परिपत्रकाने करू शकतात, कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. सुरुवात सगळ्या जिल्ह्यात एकदम करण्याचीही गरज नाही. औंढा आणि कळमनुरी या दोन तालुक्यांत, गायरानावरच्या आणि बेचिराख गावांच्या जमिनींवरच्या लागवडीपुरती एक वर्ष करून पाहावी, अडचणी दिसतील त्या दुरुस्त कराव्यात. 1 मे हा ग्रामसभेचा दिवस आहे आणि या जिल्ह्याच्या स्थापनेचाही. त्या सभेत लागवडीचा ठराव येईल तेव्हा फेरी कोणत्या तारखेला आणि तिला कोण कोण जाणार, ही नावे त्याच ठरावात लिहून घ्यावीत.